ऐकीव सुरंगी

आमच्या शेजारच्या परकारभाईंकडे पाहुणा आला आणि त्याला बाथरूमला जायची वेळ आली, तर परकारभाई त्याला आमच्याकडे पाठवतात. त्यांना स्वतःचं बाथरूम आहे, आमच्यापेक्षा मोठं आहे, नळाला पाणीही आहे. पण तिथे चित्र चालू असतं. वॉशबेसिनवर आडवी फळी, फळीवर कागद, कमोडच्या झाकणावर रंगांचा डबा आणि उलट्या घातलेल्या बादलीवर लुंगी-बनियनमधले परकारभाई. गरम पाण्याचा नळ बारीक सोडलेला, आरसा वाफेने पांढरा झालेला. समोर प्लास्टिकच्या ग्लासात कुठलंतरी गवत, आणि त्या गवताकडे ते असे बघत असतात की आपण 'नमस्कार' म्हणालो तर आपल्यालाच गुन्हा केल्यासारखं वाटतं.

बाथरूमच का, हे मी पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं. तेव्हा आम्ही सौदीत, जुबैलला, नवे होतो. त्यांनी सांगितलं की एसीच्या हवेत जलरंग कागदाला लागायच्या आधी ब्रशावरच वाळतो. एसी बंद करावा तर माणूस वाळतो. मग घरात ओली जागा कुठली उरली, तूच सांग. उत्तर इतकं बिनतोड होतं की मी ते घरी येऊन माझ्या बायकोला, वैशालीला, ऐकवलं. तिचं म्हणणं, अशा माणसाला ह्या कंपनीने करोडो रियालची यंत्रं तपासायला ठेवलंय, आपण आत्ताच नाशिकला परत जाऊ.

त्यांच्या आणि आमच्या बाथरूमची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडते. त्यामुळे माझी अर्धी आंघोळ परकारभाईंचं ऐकण्यात जाते. ते गाणी म्हणत नाहीत, गवताशी बोलतात. "सरळ बस जरा." "हे काय, काल तर असा वाकलेला नव्हतास." मी डोक्याला साबण लावून उभा, आणि पलीकडे एका तणाची खरडपट्टी चाललेली.

माणूस रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला. याकूब परकार. जुबैलमध्ये उभी हयात गेली. आमच्याच प्लँटमध्ये इन्स्पेक्शनला आहेत. म्हणजे पाइप, टाक्या, वेल्डिंग बघायचं, ठीक असेल तर सही करायची, नसेल तर 'होल्ड'चा पिवळा टॅग लावायचा. टॅग लागला की ते स्वतः काढेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, मग तो मॅनेजर असो नाहीतर मॅनेजरचा बाप. त्यांची दोन वाक्यं सगळ्या प्लँटला पाठ आहेत. एक, "न बघता सही नाय." दुसरं, "ऐकीव नको." कोणी सांगायला गेलं, की परकारभाई, वरचं वेल्डिंग एकदम फर्स्ट क्लास आहे, मी बघून आलोय, तर ते शिडी मागवतात. गुडघे दुखतात, तरी चढतात. खाली उभा असलेला काँट्रॅक्टर मनातल्या मनात काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चित्रांचं वेड त्यांना लागलं इटलीत. कंपनीने तिकडच्या कारखान्यात व्हॉल्व तपासायला पाठवलं होतं. मध्ये एक रविवार रिकामा आला, बाहेर मरणाची थंडी, म्हणून हा माणूस ऊब घ्यायला एका संग्रहालयात शिरला. तिथे काचेखाली पाचशे वर्षांपूर्वीची पानं मांडलेली. एका पानावर एक साधं रानरोप. मूळ, मुळाला लागलेली माती, कळी, उमललेलं फूल, सुकलेलं फूल, बी, सगळं एकाच पानावर, आणि सगळं खऱ्याएवढं. मागे डोंगर नाही, बाजूला राणी नाही. आणि रोपाच्या एका पानाला किडीने पाडलेलं भोक, तेही जसंच्या तसं काढलेलं. रखवालदाराने बाहेर काढेपर्यंत परकारभाई तिथून हलले नाहीत.

"भोक सोडलं नाय त्याने," ते मला अजून सांगतात. "दुसरा असता तर चांगलं पान बघून काढलं असतं. हा माणूस इन्स्पेक्टर होता, देवरे."

मग पुढचं व्याख्यान. त्याच्या आधीचे लोक म्हणे झाड बघतच नसत. जुन्या पोथीतलं चित्र बघून नवं काढायचे, त्या नव्यावरून आणखी नवं. असं करत करत एखाद्या मुळाला माणसाचं तोंड फुटायचं, हातपाय फुटायचे, आणि वैद्य त्याच चित्रावरून औषध उकळून द्यायचे. मग काही लोकांना अक्कल आली की झाड काढायचं तर झाड समोर ठेवावं. "एवढी साधी गोष्ट कळायला माणसाला किती शतकं लागली बघ. आणि तू म्हणतोस, वेल्डिंग चांगलंय असं ऐकलंय."

माझ्या मुलीला, ईशाला, शाळेत फुलाचं चित्र काढून न्यायचं होतं, तेव्हा मी हौसेने तिला त्यांच्याकडे पाठवलं. दुपारभर बसून ती आली तेव्हा कागदावर एक लांबलचक मूळ होतं आणि मुळाला चिकटलेले रेतीचे कण होते. फूल नव्हतं. "अंकल म्हणाले फर्स्ट रूट. फ्लॉवर नेक्स्ट मंथ, व्हेन इट कम्स." टीचरने काय शेरा दिला असेल तो दिला असेल. ईशा परत त्या बाथरूमकडे फिरकली नाही.

प्लँटमधल्या घोळीचा किस्सा तर अजून कँटीनमध्ये निघतो. एका वाफेच्या लाइनखाली पाणी ठिबकायचं, तिथे काँक्रीटच्या फटीत एक रोप उगवलं. प्लँटमध्ये तण ठेवत नाहीत. वाळलं की आगीला निमंत्रण, म्हणून साफसफाईची टोळी दर आठवड्याला फिरते. परकारभाईंना ते रोप फुलासकट हवं होतं. ग्लासात आणलं की ते मान टाकायचं, म्हणून रोज बघून डोक्यात साठवायचं आणि घरी येऊन काढायचं, असं चाललं होतं. पण टोळी येणार ती येणारच. तेव्हा ह्या माणसाने रोपाभोवती रस्त्यावर ठेवतात तसले चार प्लास्टिकचे कोन मांडले, लाल-पांढरी पट्टी गुंडाळली आणि पट्टीला 'होल्ड'चा टॅग लावला. टॅगवर नाव, सही, आणि शेरा: निरीक्षण चालू.

टोळी लांबून वळसा घालून गेली. फोरमन तिकडून जाताना आवाज न करता जायचा. पुढे बाहेरून ऑडिटवाले आले, त्यांनी विचारलं की इथे नेमकं कशाचं निरीक्षण चालू आहे. पट्टीच्या आत वाकून बघितलं तर एक हिरवं रोप, त्याला एक बारकं पिवळं फूल. परकारभाईंना बोलावणं आलं. ते आले, फूल उमललेलं बघून त्यांचा चेहरा खुलला, आणि ऑडिटवाल्यांना म्हणाले, जरा सावली सोडून उभे राहा. लेखी समज मिळाली. ते चित्र मात्र देखणं झालं. मी वैशालीला दाखवलं तर ती म्हणाली, "अहो, ही घोळीची भाजी आहे. हिच्यासाठी ऑडिट थांबवलं होतं?"

आता चामड्याचं सांगतो. त्या जुन्या चित्रकारांची चांगली चित्रं कागदावर नसायची, वासराच्या नाहीतर बकऱ्याच्या कातड्याचं पातळ चर्मपत्र करून त्यावर असायची. हे परकारभाईंनी कुठेतरी वाचलं आणि आमचे दिवस फिरले. बकरी ईदला कत्तलखान्यातून सगळे मटण घेऊन आले, हे कातडं घेऊन आले. टबमध्ये चुन्याच्या पाण्यात भिजत घातलं. डक्टमधून जो वास आला, तो मी विसरू म्हणतो तरी विसरता येत नाही. आम्ही काही शाकाहारी माणसं नाही, पण वैशालीने सगळ्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या आणि दर तासाला उदबत्ती लावली. मग ते कातडं चौकटीवर ताणून बाल्कनीत आलं. खालून हारिस, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा इजिप्शियन रखवालदार, ओरडत वर आला. परकारभाईंनी त्याला चहा पाजला, त्याच्या गावच्या शेतीची चौकशी केली, आणि त्यालाच चौकट धरायला लावली.

पहिलं कातडं कुजलं. दुसऱ्या ईदचं पापडासारखं वळलं. पण हटेल तो माणूस कसला. शेवटी एक जमलं. पाटाएवढं, पातळ, हस्तिदंती रंगाचं. ते त्यांनी भाभींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, एका जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवलं. इतकं सगळं करून त्यावर काय काढणार, म्हणून मी विचारलं. मला वाटलं होतं, काहीतरी अचाट सांगतील.

"सुरंगी," ते म्हणाले. "जुलेखाची."

जुलेखाभाभी गावी असतात. पूर्वी इथेच होत्या, ह्याच फ्लॅटमध्ये. सासू अंथरुणाला खिळली म्हणून गेल्या, सासू गेली तोवर घर, कलमं, मुलाचं लग्न असं एकातून एक निघत गेलं आणि त्या तिकडच्याच झाल्या. त्यांनी लग्नाच्या वर्षी माहेराहून सुरंगीचं बी आणून परसात लावलं होतं. सुरंगीला फुलायला वर्षानुवर्षं लागतात. झाड पहिल्यांदा फुललं तेव्हा परकारभाई जुबैलला होते. दुसऱ्यांदाही. भाभींनी नवऱ्याकडे उभ्या जन्मात एकच हट्ट केला: साऱ्या जगाचं गवत काढता, माझी सुरंगी एकदा काढून द्या.

तेव्हापासून ते चर्मपत्र दर वर्षी जूनमध्ये सामानात जातं आणि परत येतं. मी ते बघितलंय. खालच्या कोपऱ्यात झाडाखाली रुजून आलेलं इवलं रोप, मुळासकट. एका बाजूला जाड चकचकीत पानं, त्यांतलं एक कुरतडलेलं. दुसऱ्या बाजूला टोकदार फळं, एक चिरून बी दाखवलेलं. जुन्या खडबडीत फांदीवरचा शेवाळाचा डागसुद्धा आहे. आणि फांदीच्या मधोमध, जिथे फुलांचा घोस यायचा, तिथे तळहाताएवढी जागा कोरी.

कारण सुरंगी फुलते होळीच्या आगेमागे. आणि आमच्या प्लँटचं शटडाउनही तेव्हाच असतं, हवा थंड असते म्हणून. शटडाउनमध्ये सगळी यंत्रं उघडतात, आणि उघडलेलं यंत्र बघायला इन्स्पेक्शनवाला लागतो. त्या दिवसांत बाकी कोणाला सुट्टी मिळेल, परकारभाईंना नाही. दर वर्षी ते म्हणायचे, पुढच्या साली नक्की. ह्यात हसण्यासारखं काही नाही, इथे आम्ही सगळेच हे वाक्य बोलतो. माझ्या आईला मी हेच सांगत आलोय. पण परकारभाईंचं वाक्य त्या कोऱ्या जागेत दिसायचं, आमचं दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

भाभी फोटो पाठवायच्या. ढीगभर फोटो, व्हिडिओ. मी एकदा चिडून म्हणालो, अहो, इतका स्वच्छ फोटो आहे, त्यावरून काढा आणि मोकळे व्हा, त्यांना तरी कुठे कळणार आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू खोटी सही मागितली. फोटो म्हणजे दुसऱ्याने बघितलेलं, ते म्हणाले. मला वासासकट समोर पाहिजे. तिने एक गोष्ट मागितली, ती पण ऐकीव देऊ?

मग गेल्या वर्षी भाभींच्या डोळ्यांत साखर उतरली. आधी एक डोळा गेला. दुसऱ्यात इंजेक्शनं चालू झाली, पण डॉक्टरांनी आशा दिली नाही. हे परकारभाईंनी मला बाथरूममध्ये सांगितलं. ते बादलीवर बसले होते, मी दारात उभा होतो. रंग कालवत सांगत होते, माझ्याकडे न बघता. आता जे काही दाखवायचं ते तिला दिसतंय तोवर दाखवलं पाहिजे, असं म्हणाले. त्या दिवशी त्यांनी नळ बंद केला तरी मी तिथेच उभा होतो.

ह्या वर्षी त्यांनी रजेसाठी मॅनेजरपुढे अक्षरशः ठाण मांडलं. शटडाउनची शेवटची दहा-बारा दिवसांची कामं दुसऱ्यावर टाकायची आणि आपण निघायचं, असं ठरलं. जाऊन परत यायचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा झाला, तिकीट झालं. भाभींना सांगून झालं. आमच्याकडे येऊन वैशालीला विचारून गेले की बायकांना डोळ्यांच्या आजारात चालेल असं काय न्यावं. ती म्हणाली, तुम्ही जा, तेवढं पुरे आहे. चर्मपत्र ओढणीत गुंडाळून बॅगेत सगळ्यांत वर ठेवलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी एका हीट एक्स्चेंजरची शेवटची तपासणी होती. मी त्या युनिटवर होतो. सगळं ठीक दिसत होतं, मागच्या खेपेसही ठीकच होतं. फोरमनने कागद पुढे केला आणि म्हणाला, साहब, देख लिया हमने, आप साइन करो और यल्ला, फ्लाइट पकडो. परकारभाई क्षणभर कागदाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी टॉर्च मागितला. आत वाकून लाल रंग लावला, पुसला, वर पांढरा फवारा मारला. हे आम्ही नेहमी करतो. भेग असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उठते. थोडा वेळ काही नव्हतं. मग अगदी कडेला, त्यांच्या सगळ्यांत बारीक ब्रशाने ओढावी तशी एक रेघ उठली.

ती रेघ आम्ही दोघांनी आणि फोरमनने बघितली. फोरमन दुसरीकडे बघायला लागला. मी खरं सांगतो, मीही बघायला लागलो. दुसऱ्या कोणाच्या नजरेला ती पडली नसती, आणि यंत्र कदाचित वर्षभर काही न होता चाललंही असतं. परकारभाईंनी खिशातून पिवळा टॅग काढला, नाव लिहिलं, सही केली, आणि तारेने बांधला. मग हात पुसले.

टॅग त्यांचा, म्हणजे तो काढायलाही तेच हवेत. दुरुस्ती, पुन्हा तपासणी, शटडाउन लांबलं. रजा रद्द झाली. कोणी वाईट वागलं नाही, मॅनेजर स्वतः येऊन सॉरी म्हणून गेला. मला तर त्या दिवशी परकारभाईंचाच राग आला होता. असल्या सचोटीला काय जाळायचंय, असं मी घरी येऊन वैशालीला म्हणालो. ती परकारभाईंचा डबा भरायला लागली.

त्यानंतर डक्टमधून आवाज येईनासा झाला. गवत नाही, बोलणं नाही. त्यांच्याकडे आलेला एक पाहुणा चक्क त्यांच्याच बाथरूमला गेला, तेव्हा वैशालीला जास्त काळजी वाटली.

मग एका शुक्रवारी सकाळी मी दाढी करत होतो, आणि पलीकडे नळ बारीक सोडल्याचा आवाज आला. पाठोपाठ फोनची रिंग. हात कामात असले की ते फोन स्पीकरवर ठेवतात.

"फूल हातात घेतलंस?" परकारभाईंनी विचारलं.

"घेतलंय. सुनेने आत्ताच काढून दिलं." भाभींचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

"पाकळ्या किती?"

"चार. तुमाला ठाऊक हाय."

"मला काय ठाऊक नाय. तू सांग. कड आत वळलीय की बाहेर?"

"बाहेर. चमचा पालथा घातल्यासारखी. बोट फिरवून सांगते, आता दिसत नाय."

मी आमचा नळ बंद केला. ऐकू नये हे कळत होतं, पण पाय निघेना. ते विचारत गेले, त्या सांगत गेल्या. मधे केसरांचा झुबका, किती दाट, दाबला तर परत उभा राहतो का. देठ किती लांब, पेराएवढा की कमी. न बघता कधी सही न केलेला माणूस एकेक गोष्ट विचारून घेत होता आणि चामड्यावर ब्रश टेकवत होता. मधेच भाभी म्हणाल्या की एका पाकळीला भोक हाय, किडीचं असेल, ते नको काढायला.

"कुठल्या?" परकारभाई म्हणाले. "नीट सांग, कुठल्या पाकळीला?"

माझ्या तोंडावरचा साबण वाळून गेला होता. पलीकडे बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं. मग भाभींनी विचारलं, काढून झालं काय. झालं, ते म्हणाले. कसं आलंय, त्यांनी विचारलं.

"जूनला घेऊन येतो ना. बघशील."

"जूनला मी काय बगणार?" भाभी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी सांगितलं, तुमी ऐकलंत. आता तुमी सांगा. मला आता ऐकीवच."

पाण्याचा आवाज थांबला. नळ बंद केला असणार. मग परकारभाईंनी घसा साफ केला.

"आधी मूळ," ते म्हणाले, आणि मुळापासून सांगायला लागले.